आबांची जीभ

आमच्या लासुर्ण्याच्या घरात कुठल्याही आजाराचं निदान उसापासून सुरू होतं. खोकला झाला, तर उसावर पाणी प्यायलं. पोट दुखलं, तर कोवळा ऊस खाल्ला. ओठ फुटले, तर ऊस दातानं सोलला. आणि अंगाला खाज सुटली की कूस लागली. कूस म्हणजे उसाच्या पाचटावरची बारीक लव. डोळ्यांना धड दिसत नाही, पण एकदा अंगात शिरली की माणूस दिवसभर दुसरं काही करू शकत नाही. मी माहेरची बारामतीची, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा या निदानांना पदराआड हसायचे. पुढं हसणं आपोआप बंद झालं, कारण दहातल्या नऊ वेळा त्यांचंच खरं निघायचं.

त्यामुळं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या लेकीच्या पाठीपोटावर लाल पुरळ उठलं, तेव्हा घरात कुणाची झोप उडाली नाही. "पाचटात लोळली आसंल," असं आबा म्हणाले आणि पेपर वाचू लागले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी एकदा निदान केलं की दुसरं मत घेण्याची आमच्यात पद्धत नव्हती. लेक सहा वर्षांची. शाळा बंद, त्यामुळं तिचा सगळा दिवस बांधावर खाण्यासाठी राखलेल्या उसात जात होता. कूस लागणं यात काही विशेष नव्हतं.

महिन्याभरापूर्वी आम्हा सगळ्यांना कोरोना होऊन गेला होता. हलकाच झाला होता. आबांना शेतातल्या मोटारीच्या खोलीत ठेवलं होतं आणि तिथून ते आरोळ्या मारून घर चालवत होते. लेकीला तर एक दिवस कणकण आली तेवढीच. आम्ही सुटलो, असं समजून चाललो होतो.

पुरळाबरोबर ताप आला. मग डोळे लाल झाले. नवऱ्याच्या सणसरच्या मामांनी फोनवरूनच सांगितलं, "डोळं आल्यात, तिच्या डोळ्यात बघू नका." आम्ही सगळे तिच्याशी भिंतीकडं बघून बोलू लागलो. मग ओठ सुजून फुटले. "ऊस," आबा म्हणाले. सासूबाईंना मात्र हे पटेना. त्यांनी पुरळ नीट पाहिलं, कपाळाला हात लावला आणि जाहीर केलं, की ही गोवर आहे. उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा लागला. गोवर घरात असली की फोडणी द्यायची नाही, असा आमच्याकडचा नेम. त्यामुळं घरात बिनफोडणीची आमटी सुरू झाली. आबांना उसाच्या निदानावर कुणी शंका घेतलेली चालत नाही आणि बिनफोडणीची आमटी तर मुळीच चालत नाही. ते ताटावरून उठत होते, सासूबाई त्यांना बसवत होत्या, माझा नवरा "ॲलर्जी असेल" असं तिसरंच काहीतरी पुटपुटत होता आणि मी थर्मामीटर झटकत या तिघांवर मनातल्या मनात जळत होते.

पुढच्या सकाळी तिला बांगड्या घालायला घेतल्या तर हात आत जाईनात. हातापायांना सूज होती. मी डहाळा, ऊस, ॲलर्जी सगळं तिथंच टाकलं आणि म्हणाले, "गाडी काढा." गावातल्या डॉक्टरांनी तिला बघून चिठ्ठीही लिहिली नाही. "बारामतीला न्या, आत्ताच्या आत्ता," एवढंच म्हणाले.

बारामतीच्या त्या मुलांच्या दवाखान्यात पेशंटजवळ एकालाच थांबायची परवानगी होती. नवऱ्याला गेटवरूनच परत पाठवलं. तो जाताना म्हणाला, "आबांना काय सांगू?" मी म्हणाले, "फोडणी द्या म्हणावं."

डॉक्टरीणबाई पीपीई किटमध्ये होत्या, मलाही आत येताना तसलंच किट चढवलं होतं. नुसते डोळे दिसत होते, पण ते डोळे चांगले होते. त्यांनी खूप प्रश्न विचारले. ताप कधीपासून, डोळ्यांतून घाण येते का, पोट दुखतं का. शेवटी विचारलं, "घरात कोणाला कोरोना झाला होता?" मी सगळ्यांची यादी दिली. त्यांनी मान हलवली आणि मला सोप्या शब्दांत समजावलं. काही मुलांमध्ये कोरोना जातो, पण अंगातली लढाई थांबत नाही. शरीर स्वतःवरच उलटतं. मग अंगावर पुरळ येतं, डोळे लाल होतात, ओठ फुटतात, तोंड आतून सोलवटतं, हातपाय सुजतात. "हे सगळं वरून दिसतं. काळजी असते ती आत हृदयाची. म्हणून वरचं नीट बघून ठेवायचं." मी दरवर्षी मुलांना त्वचेचे थर फळ्यावर काढून दाखवते. त्या क्षणी मला एकही थर आठवला नाही.

मग त्या लेकीकडं वळल्या. "बाळा, जीभ दाखव बघू."

लेकीनं तोंड मिटलं. नुसतं मिटलं नाही, ओठ आत ओढून दातांखाली धरले. फुटलेल्या ओठांना ते किती झोंबलं असेल, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मास्कवर पेननं जीभ काढली. सिस्टर आल्या, त्या इंदापूरकडच्या, आवाजानंच वॉर्ड गाजवणाऱ्या. "ए राणी, मला दाव की, मी काय डॉक्टर हाय व्हय?" नाही. पलीकडच्या खाटेवरच्या मुलानं न विचारताच लांबलचक जीभ काढून दाखवली. त्याला शाबासकी मिळाली. हिनं त्याच्याकडं तुच्छतेनं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मी आधी लाडीगोडी लावली, मग बाहुली कबूल केली, मग दरडावलं. हळूच लाकडी पट्टी ओठांत सरकवायचा प्रयत्न झाला. पट्टीचे दोन तुकडे झाले. सिस्टर तुकडे बघत म्हणाल्या, "दात मात्र चांगलं हायत."

मी हसले नाही. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. काल संध्याकाळचं दूधही तसंच राहिलं होतं. मला वाटलं होतं, ओठ दुखतात म्हणून. पण हे दुखणं नव्हतं. ती तोंडाला कुलूप लावून बसली होती.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रक्त पाठवलंय, सलाईन सुरू करतो, औषध शिरेतून देऊ, ते काही तिच्या जिभेसाठी अडणार नाही. पण तोंडात किती सोलवटलंय ते मला कळायला हवं. पुढं तिला तोंडानं गोळ्या घ्यायच्यात, पाणी प्यायचंय, खायचंय. चौघांनी धरून तोंड उघडणं मला येतं. पण आज तसं केलं, तर उद्यापासून ही मला जवळ फिरकू देणार नाही. तिच्या मनात काहीतरी आहे. ते तुम्ही काढा."

मी खाटेवर तिच्याजवळ आडवी झाले. पीपीई किटमध्ये आडवं होणं म्हणजे खताच्या गोणीत शिरून झोपणं. घामानं चष्मा धुकटला. मी काहीच विचारलं नाही, नुसतं थोपटत राहिले. बऱ्याच वेळानं ती दात न उघडता, ओठांच्या फटीतून बोलली. माझी लेक शाळेत माझी भाषा बोलते आणि घरात आबांची. घाबरली की आबांचीच.

"आई, झडंल."

"काय झडंल?"

"जीभ. उघडलं की खाली पडंल."

मला आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं आणि मला त्या गोणीत थंडी वाजली.

झालं होतं असं. त्याआधी काही आठवडे साखर कारखान्याची वार्षिक सभा ऑनलाइन झाली होती. आबा जुने सभासद. आयुष्यभर त्यांनी मांडवाखाली बसून सभा ऐकल्या, पण बोलायला उठले नव्हते. या वर्षी मात्र आमच्या शेतांकडं जाणाऱ्या शिवरस्त्याचा विषय होता आणि ते बोलणार होते. इस्त्रीची टोपी, नवा सदरा आणि खाली घरातली लुंगी, कारण तेवढं दिसणार नव्हतं. नवऱ्यानं मोबाइल पाटावर उभा करून दिला. आबांचं नाव पुकारलं गेलं. ते घसा खाकरून बोलू लागले, आणि मागं दारात उभ्या असलेल्या आमच्या कन्येनं पडद्यावर आपलं तोंड दिसतंय हे पाहून, तालुक्यातल्या तमाम सभासदांना जीभ काढून दाखवली. एकदा नाही, आबांचं भाषण संपेपर्यंत. वेगवेगळ्या बाजूंनी.

आबांना वाटलं, लोक आपल्या मुद्द्यावर खूश होऊन हसतायत. ते आणखी रंगात आले. शेवटी लुंगीवर उभे राहून त्यांनी नमस्कार केला, ते निराळंच. खरा प्रकार त्यांना संध्याकाळी सणसरच्या मामांच्या फोनवरून कळला. रस्त्याविषयी मामांना काहीच आठवत नव्हतं, जिभेविषयी सगळं आठवत होतं.

आबांनी तिला अंगणात समोर उभं केलं. सगळं घर जमलेलं, शेजारचेही कुंपणावरून बघत होते. मारणं त्यांच्यात नाही. ते फक्त शांतपणे म्हणाले, "थोरल्या माणसाला जीभ दावणाराची जीभ झडती. ध्येनात ठिव."

आता हे वाक्य आमच्याकडं कोण कुणाला म्हणत नाही? मलाही लहानपणी ऐकवलं गेलं होतं. पण लेकीला ठाऊक होतं, आणि गावाला ठाऊक होतं, की आबांचा शब्द म्हणजे शब्द. कुण्या एका लग्नात त्यांना गार चहा मिळाला. "आजपासनं चहा बंद," असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी चहाला तोंड लावलेलं नाही. शेजारी कुणी बशीत ओतून फुरका मारला की त्यांचा चेहरा बघवत नाही. सासूबाई दर संक्रांतीला म्हणतात, "आता सोडा की तो हट." आबा म्हणतात, "शब्द दिलाय." कुणाला दिलाय, हे त्यांनाही सांगता येत नाही.

अशा माणसानं जीभ झडेल म्हटलं, आणि मग आमच्या लेकीनं मोरीवरच्या आरशात आपली जीभ पाहिली. ती लालभडक झालेली, वर बारीक दाणे उठलेले, कडेनं साल सुटल्यासारखं. आबांनी सांगितलं होतं तसंच सुरू झालं होतं. काल संध्याकाळपासून तिनं तोंड मिटून धरलं होतं. जेवढी जीभ उरली आहे, तेवढी वाचवत होती बिचारी.

मी तिला म्हणाले, "अगं, आबा रागानं बोलले. असं काही होत नसतं." तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला ओळखीची होती. उसाच्या निदानावर शंका घेतली की घरातले माझ्याकडं तसंच बघतात. विज्ञानाच्या शिक्षिकेचं या घरात काय वजन आहे, ते मला पुन्हा एकदा कळलं.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले. "मग आजोबांनाच फोन लावा," त्या म्हणाल्या.

आबांना मी फोनवर सगळं समजावलं. मग आबा इतकंच म्हणाले, "पोराला म्हणावं, मोबाइल पाटावर ठिव."

व्हिडिओ लागला. अंगण दिसलं. आबा खुर्चीत ताठ. डोक्यावर टोपी, खाली आज धोतर. मागं सासूबाई, नवरा, कुंपणावरचे तेच शेजारी. आबा मागं न बघता म्हणाले, "बाकीचं बाजूला व्हा." कुणी हललं नाही. मी फोन लेकीच्या समोर धरला. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"काय गं बाय," आबा म्हणाले. "जीभ दावंना म्हणं."

लेकीनं मान हलवली.

"दाव. म्या सांगतूय न्हवं."

ओठांच्या फटीतून ती म्हणाली, "आधी माघारी घ्या."

आबांना कळलं नाही, की कळून न कळल्यासारखं केलं, कोण जाणे. "काय माघारी?"

"बोललेलं."

अंगणात कुणी खोकलं. आबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग काढलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना चुकलो म्हणताना ऐकलेलं नाही. एकदा ते चुकून दुसऱ्याच्याच बैलाला पेंड चारून आले. बैल उपाशी दिसला म्हणून मुद्दाम चारली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आता तो मोबाइल बघत बसला होता त्यांच्याकडं, आणि मोबाइलमधून ती.

"घेतलं," ते हळू म्हणाले.

"आईकू आलं न्हाय," सिस्टर मागून म्हणाल्या. मी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. पण लेकीचंही तेच म्हणणं होतं. "समद्यांसमोर बोलला हुता. समद्यांसमोर घ्या."

मग आबा उठले. खुर्चीसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि थेट सभेत बोलावं तसं बोलले. "मंडळी, मी मागं नातीला जीभ झडती म्हणून बोललो हुतो. त्यो शब्द मी माघारी घेतोय. तिची जीभ झडायची न्हाय. ज्यांनी तवा ऐकलं, त्यांनी आत्ताबी ऐकावं."

कुंपणावरून एकजण म्हणाला, "ऐकलं आबा." दुसरा म्हणाला, "मंजूर." सभेच्या सवयीनंच निघालं असावं ते.

लेकीचं अजून समाधान झालं नव्हतं. तिनं क्षणभर विचार केला. "आता तुमी दावा जीभ. तुमची झडली न्हाय तर मी दावती."

नवऱ्यानं मागं हातानं तोंड झाकलेलं मला दिसलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि आबांनी, ज्यांच्यासमोर मी आजही डोक्यावर पदर नसताना उभी राहत नाही त्या आबांनी, अख्ख्या आळीच्या देखत डोळे मिटून जीभ बाहेर काढली. चांगली लांब. तंबाखूनं काळपट झालेली. आत घेतली नाही, तशीच धरून ठेवली.

लेकीनं ती बारकाईनं पाहिली. बघून म्हणाली, "आबा, कसली घाण हाय ओ तुमची."

आणि तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यावरून झटकन पुढं झाल्या, बॅटरी लावली. "स्ट्रॉबेरी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बघा, अशी लाल आणि दाणेदार होते, म्हणून हे नाव. गालात आतूनही लाल आहे. फोड नाहीत, चांगलं आहे." आमच्या भागात स्ट्रॉबेरी पिकत नाही. मी फोनमध्ये सांगितलं, "आबा, पिकायला आलेल्या तुतीसारखी झालीय."

आबांनी तेव्हा कुठं स्वतःची जीभ आत घेतली. "पर जाग्यावर हाय न्हवं?"

"जाग्यावर आहे आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला असं समजून त्यांनी तो पाटावर आडवा केला. बंद करायचं त्यांना येत नव्हतं, म्हणून पुढं बराच वेळ आम्हाला त्यांची टोपी आणि आभाळ दिसत राहिलं. टोपी हलत होती. सासूबाईंचा आवाज आला, "अवं, बरी हुईल. रडायचं काय त्यात."

त्या दुपारी लेक सिस्टरच्या हातून पाणी प्यायली. रडत, झोंबतंय म्हणत, पण प्यायली. मी त्या किटमध्ये उभी राहून रडले. मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं, पुसता येत नाही काही. सिस्टर म्हणाल्या, "तुमीबी जीभ दावा, म्हंजी तपासून टाकू." तेव्हा मी पहिल्यांदा हसले.

औषध शिरेतून थेंब थेंब गेलं. हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीला किंचित सूज होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक उतरेल. पण बघत राहायचं. महिन्यानं पुन्हा करू." ते "बहुतेक" मी घरी सांगताना गाळलं आणि एकटीनंच सांभाळलं. आबा रोज फोन करायचे. ताप, पुरळ, हृदय यांतलं काही विचारायचे नाहीत. "जीभ?" एवढंच. मी सांगायचे, आज लाली कमी आहे, आज दाणे बसले, आज तिनं वरणभात खाल्ला. "फोडणीचं?" ते विचारायचे. गोवर नाही हे कळल्यावर घरात फोडणी सुरू झाली होती आणि आबांनी पहिल्याच दिवशी दोन वाट्या आमटी जास्त घेतली, असं सासूबाईंकडून कळलं.

ताप उतरला, पुरळ विरलं, डोळ्यांची लाली गेली. आम्ही घरी आलो. दारात सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कडुलिंबाचा डहाळा तिथंच होता, फक्त वाळलेला. गोवर नव्हती तरी काढायला कुणी धजावलं नव्हतं.

आणि मग, मला वाटलं सगळं संपलं तेव्हा, तिच्या बोटांची सालं निघू लागली. नखांच्या कडेनं सुरुवात झाली आणि टोकाचं कातडं पातळ पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की असं होतं, घाबरू नका. मी लेकीला सांगायचं विसरले होते. ती बोटं मुठीत लपवून दिवसभर हिंडली आणि संध्याकाळी माझ्याकडं नाही, आबांकडं गेली. मूठ उघडून दाखवली.

"आबा, माघारी घेतलं हुतं न्हवं? मग हे का झडतंय?"

मी धावत पुढं होणार होते. त्वचेचे थर आता मला आठवत होते. पण आबांनी तिचं बोट उजेडाकडं धरलं. चष्मा लावला. साल सुटलेल्या जागी खाली गुलाबी कातडं होतं, ते अंगठ्यानं हळूच चाचपलं.

"हे झडणं न्हाय बाय," ते म्हणाले. "खाली नवं आलंय, म्हणून जुनं निघतंय. ऊस तुटला की खोडव्याला फुटवा येतो, तसं."

"खोडव्याचा ऊस बारीक ऱ्हातू," लेक म्हणाली. तिला शेतीतलं सगळं कळतं.

आबा अडचणीत आले. "माझ्या रानात न्हाय ऱ्हात," ते म्हणाले. त्या उत्तरावर तिची खात्री पटली. मला वाटलं, घरात सगळी निदानं उसापासून सुरू होतात ते काही इतकं वाईट नाही.

महिन्यानं पुन्हा बारामतीला जायचं होतं. आबा म्हणाले, मी येणार. एरवी ते दवाखान्यात कधी जायचे नाहीत, स्वतःच्या गुडघ्यासाठीसुद्धा नाही. इस्त्रीची टोपी, कडक धोतर. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ते बाकावर बसले आणि दर दोन मिनिटांनी टोपी काढून परत घातली.

डॉक्टरीणबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा किटशिवाय पाहिलं. किती लहान होत्या, माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि सरळ सांगितलं, "सूज उतरलीय. हृदय एकदम व्यवस्थित." ते "बहुतेक" माझ्या छातीवरून उतरलं. मी टेबलाची कडा धरली. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आता जीभ दाखव," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. लेकीनं तत्काळ दाखवली, पार हनुवटीपर्यंत.

मग आबांनी खुर्ची पुढं ओढली. आवाज खाली आणला, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. पण आबांचा खाली आणलेला आवाजही शिवारभर जातो.

"डॉक्टरीणबाई, एक इचारू? माझ्या बोलण्यानं तर न्हाय ना झालं ह्ये?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. रोजच्या फोनवर हा माणूस जीभ, जीभ का विचारत होता, ते मला आता कळलं. आम्ही सगळे त्या अंगणातल्या सभेला महिनाभर हसत होतो. आणि महिनाभर तो म्हातारा, आपल्या शब्दानं नातीचं काळीज सुजलं की काय, हा विचार एकटाच घेऊन बसला होता. शब्द खरा होतो, याच्यावर लेकीइतकाच त्यांचाही विश्वास होता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच लेक बोलली. जीभ आत घ्यायची ती विसरली होती, त्यामुळं शब्द बोबडे आले.

"न्हाय ओ आबा. तुमी माघारी घेतलाय की."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडं. त्या म्हणाल्या, "नाही आबा. कोरोनानं झालं. बोलण्यानं काही होत नाही." आबांनी मान हलवली, पण मला दिसत होतं, त्यांना पटलं होतं ते नातीचं उत्तर.

बाहेर आलो. दवाखान्यासमोर टपरीवर चहा उकळत होता. नवऱ्यानं दोन सांगितले, एक त्याला, एक मला. आबा टोपीनं डोळे पुसून, टोपी झटकून डोक्यावर ठेवत म्हणाले, "तीन सांग." आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत राहिलो. "एक माघारी घेतलाच हाय," ते म्हणाले, "आता दुसऱ्यानं काय हुतंय."

लेक त्यांच्या मांडीवर बसली. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, एक घोट स्वतः घेतला, एक तिला दिला आणि विचारलं, साखर कमी नाही ना पडली म्हणून.